मजकूर ऐकत वाचायचा कसा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बरेच जण मोठ्या उत्साहाने सुरू करतात आणि दोन दिवसांत बंद करतात. माझ्या पाहण्यात कारण बहुधा तीनपैकी एक असतं. आवाज चुकीच्या भाषेचा लावलेला असतो, वेग झेपत नसतो, किंवा समोरचा मजकूरच असा असतो की कुठलंही यंत्र तो नीट वाचू शकणार नाही. तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात दुरुस्त होतात. पण हे कुणी सांगत नाही, आणि माणूस समजतो की ही सोय आपल्यासाठी नाही. म्हणून हा लेख. माझी स्वतःची नजर लांबलचक मजकुरात ओळी चुकते, एकच ओळ दोनदा वाचली जाते. गेली काही वर्षं मी मोठं वाचन कानांच्या मदतीनेच करतो.

आधी हे पाहू की या सोयीने नेमकं काय हलकं होतं. वाचताना आपण एकाच वेळी दोन कामं करतो. एक, अक्षरं ओळखून त्यांचा शब्द जुळवणं. दुसरं, त्या शब्दांचा अर्थ लावणं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट एका साध्या सूत्रात मांडली: वाचून समजणं म्हणजे या दोन कौशल्यांचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार. पैकी एक शून्याजवळ गेलं की दुसरं कितीही चांगलं असलं तरी हाती काही लागत नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं जुळवून शब्द वाचायला अवघड जाण्याची अडचण, असलेल्या मुलाला गोष्ट सांगितली तर ती पूर्ण कळते, तीच पुस्तकातून वाचायला दिली तर दुसऱ्या ओळीवर गाडी अडते. मोतीबिंदूमुळे अक्षरं धूसर झालेल्या आजोबांचंही तेच, आणि उशिरा देवनागरी शिकलेल्या माणसाचंही. सॉफ्टवेअर त्यातलं पहिलं काम स्वतःकडे घेतं. दुसरं मात्र तुमचंच राहतं. मजकुराची भाषाच अवघड असेल, तर तो मोठ्याने ऐकून सोपा होणार नाही.

पालक इथे एक प्रश्न हमखास विचारतात: ऐकायची सवय लागली तर मूल वाचायचं विसरेल का? वाचनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात मजकूर वाचून दाखवल्याने आकलनाला मदत होते, असंच दिसलं. अक्षरओळखीचा सराव वेगळा, तो चालूच ठेवायचा. पण विज्ञानाचा धडा समजण्यासाठी तो सराव पूर्ण होईपर्यंत मुलाला थांबवून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. चष्मा लावल्याने कुणी बघायचं विसरत नाही.

दोन वेगळ्या गोष्टी, ज्यांची गल्लत होते

‘टेक्स्ट-टू-स्पीच’ म्हणजे तुम्ही निवडलेला मजकूर बोलून दाखवणारी सोय. ‘स्क्रीन रीडर’ म्हणजे पडद्यावरचं सगळं, म्हणजे बटणं, मेनू, सूचना, एकूण एक बोलणारं साधन. ते मुख्यतः दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी बनवलेलं असतं. अँड्रॉइडमधला टॉकबॅक, आयफोनमधला व्हॉइसओव्हर, विंडोजसाठी मोफत मिळणारा एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर आहेत. तुम्हाला पडदा दिसत असेल आणि फक्त वाचनाला आधार हवा असेल, तर यांपैकी काहीही सुरू करू नका.

हे मुद्दाम सांगतो, कारण नवखा माणूस सेटिंग्जमध्ये शिरून नेमका टॉकबॅकच चालू करतो. मग एका टॅपने काहीच उघडत नाही, दोन टॅप लागतात, सरकवायला दोन बोटं लागतात, आणि फोन बिघडला असं वाटून घाबरगुंडी उडते. तसं झालंच तर आवाजाची वरची आणि खालची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक त्याने बंद होतो.

पहिली पायरी: मराठी आवाज

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधपट्टीत ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ लिहा. मेनूचा रस्ता फोनगणिक बदलतो, त्यामुळे शोधपट्टी हाच खात्रीचा मार्ग. तिथे ‘इंजिन’, म्हणजे प्रत्यक्ष बोलण्याचं काम करणारं सॉफ्टवेअर, म्हणून गूगलची सेवा निवडलेली आहे का ते पाहा, मग भाषा मराठी करा. मराठीचा आवाज फोनमध्ये नसेल तर तो उतरवून घ्यायचा पर्याय इंजिनाच्या सेटिंगमध्ये मिळतो. एकदा उतरवला की इंटरनेट नसतानाही चालतो.

आयफोनवर सेटिंग्जमधल्या अॅक्सेसिबिलिटी विभागात बोलून दाखवण्याच्या सोयी एकत्र आहेत. बरीच वर्षं त्या भागाचं नाव ‘स्पोकन कंटेंट’ होतं. तिथे ‘स्पीक सिलेक्शन’ आणि ‘स्पीक स्क्रीन’ ही दोन्ही बटणं चालू करा आणि आवाजांच्या यादीतून मराठी निवडा.

संगणकावर सगळ्यात कमी खटपटीचा मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत, आणि ते ऐकताना कान थकत नाहीत. त्यांना इंटरनेट लागतं, एवढं लक्षात ठेवा. इंटरनेटशिवाय चालणारा आणि कुणालाही मोफत मिळणारा आवाज हवा असेल, तर ‘ईस्पीक एनजी’ मराठी बोलतो. त्याचा सूर यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकताना खटकतो. पण वेग खूप वाढवला तरी तो स्पष्ट राहतो, म्हणून अनेक अनुभवी दृष्टिहीन वापरकर्ते गोड आवाज बाजूला ठेवून त्यालाच पसंती देतात.

आता परीक्षा. फोनच्या नोट्समध्ये हे वाक्य लिहा आणि वाचायला लावा:

ज्ञानेशने चंद्राच्या उजेडात ४५ चमचे मोजले, तेव्हा बाळ जागं होतं.

‘ग्यानेश’ असं ऐकू आलं तर हिंदी आवाज मराठी मजकूर वाचतो आहे. ४५ चं ‘पैंतालीस’ झालं तर शंकाच नको. लिपी एकच असल्याने फोन ही चूक अगदी सहज करतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की यंत्राचे उच्चारच वाईट आहेत. आकडा ‘पंचेचाळीस’ असा आणि ‘बाळ’मधला ळ स्वच्छ यायला हवा.

एका बाबतीत मात्र चांगल्या मराठी आवाजालाही सूट द्या. चंद्रातला च आणि चमच्यातला च आपण वेगळे उच्चारतो, जीवातला ज आणि जागेतला ज वेगळे. लिहिताना मात्र अक्षर एकच, त्यामुळे यंत्राला अंदाज बांधावा लागतो आणि तो अधूनमधून चुकतो. ‘केलं’, ‘घरं’ यांवरचा अनुस्वार काही आवाज नाकात म्हणतात. आठवडाभरात कान या गोष्टी आपोआप दुरुस्त करून घेतो, जसा आपण दुसऱ्या गावच्या माणसाचा हेल दोन भेटींनंतर विसरतो.

दुसरी पायरी: पहिलं पान

सुरुवातीला कामाचा कागद किंवा अभ्यासाचा धडा घेऊ नका. तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या विषयावरचा, चार-पाच परिच्छेदांचा लेख घ्या.

१. अँड्रॉइडवर अॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू करा. पडद्याच्या कडेला किंवा तळाशी एक छोटं चिन्ह येईल. लेख उघडा, चिन्हाला स्पर्श करा, मग ज्या परिच्छेदापासून ऐकायचं आहे त्यावर बोट ठेवा. थांबवण्याची आणि वेग बदलण्याची बटणं तिथेच येतात.

२. आयफोनवर लेख उघडून पडद्याच्या वरच्या कडेपासून दोन बोटं एकत्र खाली ओढा. वाचन सुरू होतं.

३. एजमध्ये लेख उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा एकत्र दाबा. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि स्पेसबार.

४. मॅकवर मजकूर निवडून ऑप्शन आणि एस्केप. आधी सेटिंग्जमध्ये निवडलेला मजकूर बोलण्याची सोय चालू करावी लागते.

पानावर जाहिराती, मेनू, ‘हेही वाचा’च्या चौकटी असतील तर यंत्र त्याही प्रामाणिकपणे वाचतं. त्यावर उपाय म्हणजे ब्राउझरमधला वाचनाचा साधा देखावा. फायरफॉक्समध्ये त्याला रीडर व्ह्यू म्हणतात, एजमध्ये इमर्सिव्ह रीडर. त्यात फक्त लेख उरतो, अक्षर मोठं करता येतं, ओळींमधलं अंतर वाढवता येतं. इमर्सिव्ह रीडरमध्ये एका वेळी एक, तीन किंवा पाच ओळी उजळ ठेवून बाकीचं पान झाकोळायचीही सोय आहे. माझ्यासारख्या ओळ चुकणाऱ्यांना तिचा फार उपयोग होतो.

आणि आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. डोळे मिटून ऐकू नका. नजर मजकुरावर ठेवा. बोलला जाणारा शब्द त्याच क्षणी रंगवून दाखवण्याची सोय बहुतेक साधनांत असते, ती शोधा आणि चालू ठेवा. शब्दाचं रूप आणि त्याचा आवाज एकाच वेळी पोहोचले की दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. जोडाक्षरावर अडखळणारी नजर आवाजामुळे पुढे सरकते, आणि भटकू लागलेला कान पुढच्या रंगलेल्या शब्दाने जागेवर येतो. फक्त ऐकत बसलं की पाचव्या मिनिटाला मन दुसरीकडे गेलेलं असतं. ज्यांना पडदा पाहणं शक्यच नाही त्यांची गोष्ट अर्थातच वेगळी. त्यांचा कान वेगळ्या सरावाने तयार होतो.

तिसरी पायरी: वेग

सुरुवात नेहमीच्या वेगाने, म्हणजे १ वर करा. घाई वाटली तर ०.९ वर या, त्यात कमीपणा काही नाही. एक परिच्छेद ऐका, थांबवा, आणि त्यात काय म्हटलं होतं ते स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत सांगून पाहा. जमलं तर वेग बरोबर आहे. नाही जमलं तर कमी करा. दुसरं कुठलंही मोजमाप लागत नाही.

मिनिटाला इतके शब्द, असे जे आकडे सांगितले जातात ते बहुतेक इंग्रजीवरून आलेले असतात. मराठीत ते लागू पडत नाहीत. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे. इंग्रजीत तेवढ्या आशयाला पाच-सहा शब्द लागतील.

वेग वाढवायचा असेल तर दर चार-पाच दिवसांनी ०.१ ने. काही जण दुप्पट वेगाने ऐकतात हे पाहून हुरूप येतो, पण त्यामागे काही महिन्यांची सवय असते. शिवाय वेग मजकुरावर ठरतो. बातमी मी १.५ ने ऐकतो, कराराचा मसुदा १ ने, आणि त्यातलं महत्त्वाचं कलम तर थांबवून थांबवून.

चौथी पायरी: मजकूर

मराठी वाचकाची खरी लढाई इथे आहे.

पीडीएफ उघडली, वाचायला लावली, आणि यंत्र गप्प बसलं, किंवा ‘एस आय टी हॅश’ असं काहीतरी बडबडलं, तर यंत्राला दोष देऊ नका. एक ओळ निवडून नोट्समध्ये चिकटवून पाहा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

ओळ निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे मजकूर नव्हे, फोटो आहे. स्कॅन केलेल्या पुस्तकांचं असंच असतं.

ओळ निवडता आली, पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं असा गोंधळ दिसला, तर तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांत एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. छपाईच्या दुनियेत श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटचा फार वापर झाला आणि अजूनही होतो. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं वेगळंच एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. आपण दिसतं ते वाचतो, यंत्र साठवलेलं वाचतं. कितीतरी चांगलं मराठी साहित्य, परिपत्रकं, अंक या एका कारणाने कानांना बंद आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही स्वतः कुणासाठी मजकूर तयार करत असाल तर युनिकोडमध्येच करा. तुमच्यासाठी तो बदल फक्त कीबोर्डचा असतो, समोरच्यासाठी मात्र वाचता येणं आणि न येणं एवढा मोठा.

ओळ नीट चिकटली तर मजकूर उत्तम आहे, बिनधास्त ऐका.

पहिल्या दोन्ही प्रकारांवर एकच औषध चालतं: ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं. फाँट बदलून देणारी परिवर्तकंही मिळतात, पण प्रत्येक फाँटला त्याचंच परिवर्तक लागतं, आणि फाँटचं नाव ठाऊक नसेल तर अडतं. पानाचं चित्र घेऊन ओसीआर करणं नवख्याला सोपं पडतं. छापील पानासाठी फोनमधलं गूगल लेन्स पुरतं. कॅमेरा पानावर धरा, मजकूर निवडा, आणि तिथेच ‘ऐका’ असा पर्याय येतो का पाहा. नाहीच आला तर मजकूर कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा. पीडीएफ असेल तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. पानांतला मजकूर ओळखून तो दस्तऐवजात येतो. पानं फार असतील तर थोडी-थोडी करून चढवा.

फोटो काढताना पान सपाट हवं आणि उजेड बाजूने. स्वतःच्या हाताची सावली हा ओसीआरचा मोठा शत्रू. पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि तिथलेच शब्द चुकतात, म्हणून एका वेळी एकच पान, नीट दाबून.

ओसीआर झाल्यावर लगेच ऐकू नका, आधी एकदा नजर फिरवा. ध आणि घ, भ आणि म, ख आणि रव यांची अदलाबदल झालेली असते. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठक्रमांक दर पानाला वाक्याच्या मध्येच घुसलेले असतात, ते काढून टाका. दोन स्तंभांचं पान असेल तर डाव्या स्तंभाची ओळ संपताच उजव्या स्तंभाची ओळ जोडली गेली नाही ना, ते तपासा. ही साफसफाई कंटाळवाणी आहे, पण दहा मिनिटांच्या साफसफाईवर तासाभराचं ऐकणं सुखाचं होतं.

मजकुरात विरामचिन्हं नसतील तर यंत्र श्वास न घेता पळतं. ‘इ.स.’, ‘पृ.’ अशा संक्षेपांवर ते विनाकारण थांबतं, कारण त्याच्या लेखी टिंब म्हणजे वाक्य संपलं. वारंवार येणारं एखादं नाव चुकीचं उच्चारलं जात असेल, तर तो शब्द वेगळ्या पद्धतीने वाच असं सांगून ठेवण्याची सोय काही साधनांत असते. अँड्रॉइडवरचं ‘अॅट व्हॉइस अलाउड रीडर’ हे अॅप त्यांपैकी एक. ईपब, पीडीएफ अशा लांब फाइली ऐकायलाही ते सोयीचं आहे, कारण सोडलं त्या जागेपासून पुढे सुरू करतं.

कविता, गणिताची सूत्रं आणि कोष्टकं यांसाठी या वाटेला जाऊ नका. कवितेत यंत्राला लय कळत नाही, आणि कोष्टक ऐकताना कुठला आकडा कुठल्या रकान्यातला हे समजत नाही. ते डोळ्यांनी किंवा माणसाच्या मदतीने.

अभ्यासाला वापरताना

अखंड अर्धा तास ऐकलेलं टिकत नाही. आधी धड्यातली शीर्षकं स्वतः वाचा, ती मोठ्या अक्षरात असतात, जमतात. मग एकेक भाग दोनदा ऐका. पहिल्यांदा काहीही न लिहिता सलग, दुसऱ्यांदा थांबवत, टिपणं काढत. अवघड संज्ञा आली की थांबवून ती हाताने लिहा. कानाला परिचित झालेला शब्द पुढच्या वेळी डोळ्यांना लवकर ओळखू येतो.

हेडफोन लावत असाल तर आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलच्या पातळीला आठवड्यात ४० तासांची मर्यादा सांगते. बोललेला मजकूर समजायला त्याहून खूप कमी आवाज पुरतो, फक्त खोली शांत हवी.

वैद्यकीय अहवाल, बँकेची कागदपत्रं, कुणाचं खासगी पत्र असं काही ऐकायचं असेल तर फोनमध्ये उतरवलेलाच आवाज वापरा. इंटरनेटवरून चालणारे आवाज मजकूर दूरच्या सर्व्हरकडे पाठवतात, तेव्हाच बोलतात.

दुसऱ्या कुणासाठी लावून देताना

घरातल्या वयस्कर माणसासाठी किंवा मुलासाठी हे सगळं तुम्ही लावून देत असाल, तर एकच कृती शिकवा. चिन्हाला स्पर्श, मग परिच्छेदाला स्पर्श. बस. आवाज, वेग, इंजिन हे सगळं तुम्ही आधी ठरवून ठेवा. पहिल्या बैठकीत दहा सोयी दाखवल्या की एकही लक्षात राहत नाही. आवाजाची निवड मात्र त्यांना करू द्या, दोन आवाज ऐकवून विचारा. तासन्‌तास कानाशी बोलणारा आवाज त्यांच्या पसंतीचाच हवा. आणि मूल वर्गात हेडफोन लावायला लाजत असेल, तर जबरदस्ती न करता आधी घरी सवय होऊ द्या.

थोडी सवय झाली की आपण स्वतः लिहिलेलं पत्र किंवा अर्जही पाठवण्याआधी एकदा यंत्राकडून वाचून घ्या. आपल्याच लिखाणातला सुटलेला शब्द डोळा भरून काढतो आणि पुढे जातो. यंत्र जे आहे तेवढंच वाचतं, त्यामुळे चूक तिथल्या तिथे कानाला लागते. ‘नाही’ लिहायचं राहून गेलेलं एक वाक्य मला असंच सापडलं होतं, पाठवायच्या अगदी पाच मिनिटं आधी.